मोठ्या अक्षराचं मराठी बायबल, लाल छपाईवालं: मायसाठी घेतलं, चार महिन्यांचा अनुभव

आधीच सांगतो, हे मी मपल्यासाठी घेतलेलं नाही, मायसाठी घेतलं. माय ७१ वर्षांची. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याची तारीख ती स्वतःच पुढं ढकलत चाललीय. तिचं जुनं बायबल लग्नात मिळालेलं, लग्न बहात्तरच्या दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षीचं, म्हंजे हिशोब करा. कोपरे उंदरानं खाल्लेले अन् अक्षर असलं बारीक की मलाच चष्मा लावून दिसंना. ती बोट ठेवून वाचायची अन् बोटाखाली तीन ओळी जायच्या.

तर डिसेंबरात ट्रॅक्टरच्या पार्टसाठी जालन्याहून संभाजीनगरला गेलो होतो, तिथं एक ख्रिस्ती पुस्तकांचं दुकान आहे त्यात घुसलो. वचनांची कॅलेंडरं, भिंतीवर लावायच्या फ्रेमा, क्रॉसच्या किचेन, अन् बायबलच पंधरा-वीस तऱ्हेचे. दुकानदारानं तीन प्रश्न विचारले. जुनं भाषांतर का सोपं? सगळं काळं का लालवालं? चेनचं कव्हर का साधं? मी म्हणलो जुनं, लाल, चेन. पहिलं उत्तर बरोबर आलं, दुसरं चुकलं, तिसरं लईच चुकलं. साडेनऊशे सांगितले. बायबलवर घासाघीस करावी का नाही हे कळंना, पण सवय जाती का, केली, पन्नास सुटले.

अक्षर खरंच मोठं आहे, पेपरातल्या बातमीपेक्षा चांगलं ठसठशीत, जोडाक्षरं फुटलेली नाहीत, 'ष्ट' अन् 'द्ध' एकमेकांत घुसत नाहीत, ज्यांच्या घरी म्हातारं माणूस वाचणारं आहे त्यांना ह्याचं महत्त्व कळंल. वजन मात्र विचारू नका. गल्लीतल्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवून बघितलं, १ किलो ८०० ग्रॅम. मांडीवर घेऊन वाचायचं काम नाही, माय पाटावर ठेवून वाचते, समोर बसल्यावर वाटतं पोथी लावलीय. कागद पातळ, मागच्या पानाची सावली पुढं दिसते, पण ६६ पुस्तकं एका जिल्दीत बसवायची म्हणल्यावर जाड कागद घालून काय वीट बनवायची का, ते समजून घेतो. बायंडिंग मात्र समजून घेणार नाही. दोन महिन्यात होशेयच्या पुस्तकाचा एक फर्मा, म्हंजे पानांची एक गड्डी, सुटून हातात आला. चिकटवलेला होता, शिवलेला नव्हता. एका जुन्या बायंडरकडून दोऱ्यानं शिवून घेतला, त्यानं पैसे बी घेतले नाहीत, म्हणला धर्माचं पुस्तक आहे.

आता भाषांतराचं, कारण ह्याच्यावर मला जास्त बोलायचंय.

आजकाल सोप्या मराठीतली बायबलं निघालीत, फोनवर पण आहेत, माझा पुतण्या तेच वाचतो अन् त्याला कळतं, चांगलंच आहे. सोपं करायला माझा विरोध नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनात बसून हिब्रू अन् ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं ते साध्यासुध्या बायांना वाचता यावं म्हणूनच. १९२२ ला त्या वारल्या अन् १९२४ ला ते छापून आलं, छापायचं काम पण मिशनातल्या बायांनीच केलेलं. पण सोपं करताना कधी कधी शब्द असा धुतात की त्याचा मातीचा वासच जातो. जुन्या भाषांतरात जे शब्द आहेत ना, तारण, खंडणी, वतन, सरवा, कारभारी, हे आमच्या गावात अजून रोज चालतात. शहरातल्या पोराला ते अवघड वाटत असतील, माझ्या मायला ते पाठ आहेत, कारण ती ते जगलीय.

तारण घ्या. चर्चमध्ये लहानपणापासून ऐकतोय, येशू तारणारा, तारण झालं, तारण पाव. अन् चर्चच्या बाहेर आलं की तारण म्हंजे सोनेतारण कर्ज, बाजार समितीचं शेतमाल तारण, सातबाऱ्यावरचा बोजा. मला कायम वाटायचं हे दोन वेगळे शब्द आहेत, नुसते सारखे दिसतात. एक तारणारा, एक बुडवणारा. मायला तसं वाटत नाही हे मला ह्या बायबलमुळं कळलं.

झालं असं की पहिल्या आठवड्यात तिनं बायबलमधलं रूथचं पुस्तक काढलं, का तर चारच अध्याय, डोळ्याला झेपतील. तुम्हाला गोष्ट माहीत असंल तर पुढं जा. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून एक कुटुंब मवाबात गेलं, तिथं नवरा मेला, दोन पोरं मेली, राहिली सासू नामी अन् दोन सुना. एक सून माहेरी गेली, दुसरी रूथ, ती सासूला सोडंना. दोघी बेथलेहेमला परत आल्या तेव्हा सातूची काढणी चाललेली, रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते. सरवा म्हंजे पेंढ्या बांधून झाल्यावर मागं जी कणसं पडलेली असतात ती, आमच्याकडं अजून बाया वेचतात. नामीचं शेत सोडवायचंय, अन् तो हक्क जवळच्या आप्ताचा. सगळ्यात जवळचा जो असतो तो आधी म्हणतो सोडवतो, मग त्याला कळतं की शेताबरोबर त्या विधवेची बी जबाबदारी घ्यावी लागंल, तेव्हा म्हणतो नको बाबा, माझ्या वतनाचं नुकसान होईल. अन् हक्क सोडल्याची खूण म्हणून रिवाजाप्रमाणं चप्पल काढून देतो. मग बवाज सोडवतो.

चपलेपाशी आल्यावर माय हसायला लागली. एकटीच. म्हणलं काय झालं. तर म्हणली, "तुझ्या मामानं चप्पल बी काढून दिली न्हाई रे, नुसता फोन बंद ठेवला."

२०१२-१३ च्या दुष्काळातली गोष्ट आहे ती. जालन्यात तेव्हा काय होतं हे ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको, दोन दिवसाआड टँकर, अन् मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमची बारा वर्षांची बाग बापानं स्वतः कुऱ्हाड घेऊन तोडली अन् जळणाला विकली. मायची बोरमाळ एका पतसंस्थेत तारण होती. व्याज थकलं, लिलावाची नोटीस आली. मामा म्हणला होता ताई मी बघतो, मग त्याच्या पोरीचं लग्न निघालं, त्याचं बी खरंच होतं. तर ती बोरमाळ सोडवली चुलत्यानं. ज्या चुलत्याशी आमचं बांधावरून नऊ वर्षं बोलणं नव्हतं, कोर्टात तारखा चालू होत्या, त्यानं. कुणाकडून कळलं त्याला देव जाणे. रुमालात बांधून आणली, उंबऱ्यावर ठेवली, बापानं विचारलं किती भरले, तर म्हणला ते मपलं मी बघून घेईन. चहा बी घेतला नाही. बांधाची केस अजून चालू आहे, ते वेगळं.

हे सगळं मला माहीत होतंच, पण मी ते कधी बायबलशी जोडलं नव्हतं. माय म्हणली, सोडवायला आपल्यातलाच लागतो, परक्यानं पैसे भरले तर माळ त्याचीच होती की. मी हे रविवारी पाळक साहेबांना सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्पच बसले, मग बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा २५ वा अध्याय काढून दाखवला. भाऊ गरीब होऊन त्यानं वतन विकलं तर जवळच्या आप्तानं येऊन ते सोडवावं, अन् कुणीच सोडवलं नाही तरी पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षी, जमीन मूळ घराला परत. म्हणले, बघा, देव माणूस का झाला ह्याचं उत्तर इथं आहे, सोडवायचा हक्क नातलगाचा, म्हणून तो आधी नातलग झाला, रक्तामांसाचा, इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तेच आहे. मी इतकी वर्षं चर्चला जातो, नाताळात स्टेज बांधतो, मंडप घालतो, पण हे मला असं कधी कळलं नव्हतं.

खंडणीचं बी तसंच. मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की मी सेवा करून घ्यायला आलो नाही, करायला आलो, अन् पुष्कळांसाठी जीव खंडणी म्हणून द्यायला आलो. खंडणी म्हणलं की आमच्याकडं पेपरात काय येतं ते तुम्हाला माहीतय, त्यामुळं पोरं हे वचन वाचताना हसतात. सोप्या भाषांतरवाल्यांनी म्हणूनच बदललं असंल. पण हसू द्या की. खंडणी हा घाणेरडा शब्द आहे, तो घाणेरडाच राहिला पाहिजे, कुणाची तरी मान कुणाच्या तरी हातात आहे हे त्यातून कळतं. मायनं लगेच विचारलं, "पर दिली कुणाला?" हा प्रश्न घेऊन पण मी पाळक साहेबांकडं गेलो, माझं आता हेच काम झालंय. ते म्हणले ह्याच्यावर मोठमोठे धर्मपंडित भांडलेत, तिसऱ्या शतकातला ओरिजेन म्हणायचा सैतानाला दिली, अकराव्या शतकात अन्सेल्म म्हणला सैतानाचं कसलं देणं आलंय, देणं होतं ते देवाचंच. घरी येऊन मायला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणली, "फिटलं ना पर?" म्हणलं हो. "मग झालं."

स्तोत्र १३६ बद्दल एक तक्रार होती, आता नाही. त्यात २६ वचनं आहेत अन् प्रत्येकाच्या शेवटी तेच, त्याची दया सनातन आहे. मोठ्या अक्षरात ते एवढी जागा खातं की पान उलटलं तरी तेच चालू. मी मनात म्हणलो छापणाऱ्यानं कागद वाया घालवला, एकदा लिहून पुढं टिंबं द्यायची. पण लाईट गेल्यावर माय ते अंधारात म्हणत बसते. प्रत्येक वचनाचा पहिला अर्धा भाग तिला नीट पाठ नाही, समुद्र दुभंगला, राजे मारले, त्यात गडबड होते, कधी कधी राजांची नावं तीच बनवते, पण दुसरा अर्धा चुकायचा प्रश्नच नाही. आमच्या घरातली लहान पोरगी, चार वर्षांची, ती पण आता तेवढंच म्हणते. अक्षर न येणाऱ्यालाही अर्धं स्तोत्र येतं, असं आहे ते.

अन् विलापगीत. यरुशलेम बाबेलच्या लोकांनी जाळून टाकलं, त्या राखेत बसून लिहिलेलं पुस्तक, पाच अध्याय, सगळं रडणं, अन् बरोबर मधल्या अध्यायात, ६६ पैकी बाविसाव्या-तेविसाव्या वचनात, अचानक तो माणूस म्हणतो की देवाची दया संपली नाही, रोज सकाळी नवी होते. नंतर परत रडायला लागतो, हे मला आवडलं, एकदा आशा आली म्हणून रडं बंद केलं नाही त्यानं. माय पाच वाजता उठून चहा ठेवते अन् ते वाचते. म्हणते, टँकर दोन दिसाआड यायचा, हे रोज येतंय.

आता लाल छपाई. घेणाऱ्यांनी हे नीट वाचा.

लालवाल्या बायबलमध्ये येशूचे स्वतःचे शब्द लाल शाईत असतात, बाकी काळं. दिसायला भारी दिसतं, दुकानदार म्हणला लालवालंच जास्त जातं. पण पांढरट पिवळा कागद, त्यावर लाल, वरून घरातला पिवळा बल्ब, अन् मोतीबिंदूचा डोळा. मायला ते दिसतच नाही. दिवसा अंगणात जरा दिसतं, संध्याकाळी कायच नाही. पहिल्यांदा लूक, म्हंजे येशूची गोष्ट सांगणारं पुस्तक, काढलं तेव्हा मला हाक मारून म्हणली, "अरे हितं छापायचं राहिलंय बघ." म्हंजे जुना करार सगळा व्यवस्थित, पत्रं व्यवस्थित, अन् येशू बोलायला लागला की पान कोरं. ज्याच्यासाठी घेतलं तेच दिसंना, याला काय म्हणावं.

तर लाल भाग वाचायचं काम माझ्याकडं आलं. रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास. अन् नशीब असं की लूक १५ लागलं, ते सुरुवातीची दोन-तीन वचनं सोडली तर पार शेवटपर्यंत लाल. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, हरवलेला पोरगा, तिन्ही माझ्याच गळ्यात.

मेंढरू अन् नाणं झालं. पोराची गोष्ट सुरू केली, धाकटा म्हणतो माझा वाटा द्या, वाटा घेऊन दूरदेशी जातो, उधळतो, मग तिथं दुष्काळ, मग डुकरं राखतो अन् डुकरं खात होती त्या शेंगा तरी मिळाव्या असं त्याला वाटतं. माय म्हणली शेंगा तर चांगल्या की रे, भाजून गूळ लावून. म्हणलं भुईमुगाच्या नाहीत गं, तिकडच्या कसल्यातरी झाडाच्या, जनावराला घालतात त्या. मग तो परत निघतो, बाप लांबूनच बघतो अन् त्याला कळवळा येतो. कळवळा ह्या शब्दापाशी मी थांबलो कारण पाळक साहेबांनी मागं सांगितलं होतं की ग्रीकमध्ये तिथं जो शब्द आहे तो आतड्यावरून आलाय. मायला सांगितलं. ती म्हणली, "मग, आतडंच तुटतंय. त्यात ग्रीक कशाला पाहिजे."

इथपर्यंत ठीक होतं. पुढं थोरला येतो. शेतातून. दिवसभर राबून, घराजवळ आला तर वाजंत्री अन् नाच, चाकराला विचारतो काय चाललंय, तर तुझा भाऊ आलाय, पुष्ट वासरू कापलंय. तो रागावतो, आत जाईना. म्हणतो इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, मला दोस्तांबरोबर मजा करायला कधी करडू दिलं नाही.

आमच्या घरचं सांगतो, लांबवत नाही. मी थोरला. धाकटा चाकणला असतो, बाप गेल्यावर त्यानं वाटणी मागितली, त्याचा वाटा विकला, रस्त्याकडचा, चांगला, पैशाचं काय केलं माहीत नाही, दीड वर्ष झालं गावाकडं फिरकला नाही. माय रोज विचारते फोन आला का. मी रोज म्हणतो नाही. मी ते वचन वाचत होतो, मोठ्यानं, तिला ऐकू जावं म्हणून, अन् माझा आवाज काय झाला असंल तुम्हीच समजा. करडूचं तर मला एकदम पटलं. माय खाली बघून लसूण सोलत होती.

बाप बाहेर येऊन थोरल्याची समजूत घालतो, हे मी विसरलो होतो. धाकट्याकडं बाप धावत जातो तेवढंच आपल्या लक्षात राहतं, पण थोरल्यासाठी बी तो आतलं जेवण सोडून बाहेर आलाय. म्हणतो बाळा तू कायम माझ्याजवळ आहेस, माझं आहे ते सगळं तुझंच आहे. धाकटा मेला होता तो जिवंत झाला, हरवला होता तो सापडला. संपलं.

माय म्हणली, "मग थोरला गेला का आत?"

मी पान उलटलं. पुढं सोळावा अध्याय, कुणीएक श्रीमंत माणूस होता, त्याचा कारभारी होता, दुसरीच गोष्ट. परत मागं आलो, बोट ठेवून बघितलं, फर्मा बिर्मा सुटला नाही ना. म्हणलं नाही गं, लिहिलेलंच नाही.

"अस्सं," म्हणली, अन् लसणाची टरफलं गोळा करून उठली.

तर घेणाऱ्यांसाठी सांगायचं म्हंजे, म्हाताऱ्या माणसासाठी घेत असाल तर मोठं अक्षर घ्या, जुनं भाषांतर घ्या, छपाई सगळी काळी घ्या, अन् शिलाईचं बायंडिंग आहे का हे दुकानातच पुठ्ठा वाकवून बघा, लाजू नका. अर्पणाच्या वेळी द्यायला किंवा लग्नात भेट द्यायला लालवालं चालंल. पाच पैकी साडेतीन.

मी मागच्या महिन्यात परत त्या दुकानात गेलो होतो, बदलून मिळतं का विचारायला. दुकानदार चांगला माणूस, म्हणला वापरलेलं आहे पण घेऊन या, काळ्या छपाईचं देतो, वरचे दीडशे द्या. घरी येऊन मायला म्हणलं, उद्या पिशवीत घालून ठेव, बदलून आणतो, मग तुला सगळंच वाचता येईल.

"ऱ्हाऊ दे," म्हणली. "लाल तू वाचतूस ना."

म्हणून बदललं नाही. चेन मात्र पंधराव्या दिवशीच तुटली होती, ती बसस्टँडजवळच्या चेनवाल्याकडून चाळीस रुपयात बदलून घेतली, पितळेची, आता बरी चालते.